नाकावरची काच

मुलाखतीत मला मराठीतून एकच प्रश्न विचारला गेला. "मराठी लिहिता-वाचता येतं ना?" मी "हो" म्हणाले. त्या एका अक्षरावर मला नोकरी लागली.

मी पेणची. जन्म इथला, शाळाही इथलीच, फक्त इंग्रजी माध्यमाची. मराठी आम्हाला होतं, पण विषय म्हणून. पावसाळ्यावरचा निबंध पाठ करायचा, परीक्षेत उतरवायचा आणि बाहेर येऊन छत्री उघडायची. बोलायला मला काही अडचण नाही, घरी मराठीच बोलतात. वाचायला लागले की मात्र जोडाक्षरापाशी मी थबकते आणि आकड्यांच्या बाबतीत तर बोलूच नये. एकोणसाठ की एकोणसत्तर हे ठरवायला मला आधी साठ आणि सत्तर आठवावे लागतात, मग त्यांतून एक वजा करावा लागतो. तोवर समोरचा माणूस निघून गेलेला असतो. अशा मला गावागावांतून बायकांना मराठी वाचायला शिकवण्यासाठी नेमलं होतं.

प्रकल्प चांगला होता, हे मी आजही म्हणेन. आई किंवा आजी आणि घरातलं मूल एकाच चटईवर बसून वाचायला शिकणार, आणि वाचता वाचता आरोग्यही शिकणार. हेड ऑफिसच्या मॅडम म्हणायच्या, "एका दगडात दोन पक्षी." मला त्या वाक्यात नेहमी आपण दगड आहोत असं वाटायचं.

दोन पक्ष्यांसाठी त्यांनी एक तक्ता बनवला होता. क काविळीचा, ख खरजेचा, ग गालगुंडाचा, ज जंतांचा, ड डासांचा, ह हगवणीचा. प्रत्येक अक्षरासमोर रंगीत चित्र. ळ ने सुरू होणारा आजार कोणालाच सापडला नाही, म्हणून तिथे पुन्हा काविळीचाच पिवळा माणूस काढला होता. मुलांना तक्ता भयंकर आवडला. ती रस्त्याने घोकत जायची, "ह हगवणीचा, ह हगवणीचा." एक आई मला कौतुकाने म्हणाली, "म्याडम, आमच्या घरात पयल्यांदा कोनाला एवढे रोग येतात."

माझा एक वर्ग पेणजवळ जोह्याला होता. तिथे घराघरात गणपतीचे कारखाने. बायकांना कामावरून उठून वर्गाला येणं जमत नव्हतं, म्हणून वर्गच कारखान्यात नेला. दुपारच्या चहाला रंगाचे स्प्रे बंद व्हायचे, हवेतली रंगाची धूळ खाली बसायची, मग मूर्तींच्या दोन रांगांमध्ये आम्ही चटई टाकायचो. दोन्ही बाजूंनी पांढरे, न रंगवलेले गणपती माझं शिकवणं बघत असायचे. त्यांना अजून डोळे नसायचे, त्यामुळे मला जरा धीर यायचा.

डोळे काढायचं काम एका बाईंकडे होतं. या कामाला तिथे आखणी म्हणतात. सगळी मूर्ती तयार झाली की सगळ्यात शेवटी आखणी. एक थरथरली रेघ, की आधीच्या दहा माणसांची मेहनत वाया. म्हणून आखणी करणाऱ्याचा मान मोठा. उजेडाच्या खिडकीशी एक उंच स्टूल असतो, त्यावर दुसरं कोणी बसत नाही. या बाईंना सगळे काकी म्हणायचे, मीही म्हणू लागले. पन्नाशीच्या, सडसडीत, कपाळाला कायम कुठलातरी रंग लागलेला. त्यांची सून त्याच कारखान्यात मुकुटांना सोनेरी रंग द्यायची. नात दुसरीत होती आणि आजीबरोबर वर्गाला बसायची.

पहिल्याच आठवड्यात मी सगळ्यांची चाचणी घेतली. प्रत्येकीच्या हातात एक छापील कार्ड द्यायचं, वाचायला सांगायचं, फॉर्मवर स्तर लिहायचा. काकींनी कार्ड हातात घेतलं, बघितलं, परत दिलं. "आमाला नाय येत." मी लिहिलं, स्तर शून्य.

पण दुसऱ्या महिन्यापासून काकी वाचू लागल्या. मी आनंदले. मग माझ्या लक्षात आलं की काकींच्या आधी नातीचे ओठ हलतात. ती पुस्तकात बघून हळूच पुटपुटायची, आणि आजी मोठ्याने तेच म्हणायची. दोघींचा ताल इतका जमला होता की भजनातसुद्धा जमणार नाही. मी काही बोलले नाही. हेड ऑफिसला मी पाठवलेल्या फोटोखाली त्यांनी लिहिलं, 'आजी वाचते, नात ऐकते.' मला काही न बोलण्याची सवय आहे. त्यामुळे बऱ्याच गोष्टी दिसतात. उदाहरणार्थ, काकींची सून रोज संध्याकाळी ब्रश धुवायला म्हणून मागे थांबायची, आणि ब्रश धुऊन बाहेर येताना तिच्या बोटाला काळा रंग असायचा. मुकुट सोनेरी असतात. मी तेही बघितलं आणि सोडून दिलं.

एके दिवशी मी समोरच्या भिंतीवर नवं पोस्टर लावलं. चटईपासून चांगलं दहा पावलांवर. मी वळते तोच मागून काकींचा आवाज आला.

"जेवनाआधी साबनाने हात धुवा, असं लिवलंय, आन् चित्रात साबन कुठाय गो? बाई नुसत्या पान्याखाली हात धरून उभी हाय."

साबण खरंच नव्हता. बायका हसल्या. मी हसले नाही. नात त्या दिवशी आलीच नव्हती.

चहा संपल्यावर सगळ्या कामाला लागल्या, तेव्हा मी स्टुलापाशी गेले. एखाद्याला उघडं पाडायचं म्हटलं की मलाच घाम येतो.

"काकी, तुम्हाला वाचता येतं."

"कोन बोलला?"

"तुम्ही आत्ता भिंतीवरचं वाचलंत."

त्यांनी ब्रश फडक्याला पुसला. "सातवी पास हाय मी. वर्गात पयला नंबर."

"मग कार्ड का नाही वाचलं?"

"तुझं कारड जवळ असतं गो. भिंत लांब हाय."

मी चष्मेवाली आहे, पाचवीपासून. एवढं मला कळायला हवं होतं. आमच्या फॉर्मवर साक्षरतेचा रकाना डावीकडे होता आणि आरोग्याचा उजवीकडे. डाव्या रकान्यात मी शून्य लिहिलं होतं आणि उजव्यात 'तक्रार नाही'.

"मग चष्मा घ्या ना. वाचायचा तर असतो."

काकींनी हनुवटीने कोपऱ्याकडे दाखवलं. तिथे एक म्हातारे आजोबा तोंडाला फडकं बांधून मूर्तींच्या पाठी पॉलिश पेपरने घासत बसायचे. नाकावर जाड चष्मा, त्यावर पांढरी भुकटी.

"माझ्या आधी या स्टुलावर ते बसायचे. पेन-हमरापूरमध्ये असा हात नवता. चाळिशी लागली, चष्मा घातला आन् मालकाने दुसऱ्या दिवशी घासायला बसवला. इथं म्हनतात, नाकावर काच आली की हातातला ब्रश गेला. गिऱ्हाईक येतं, बघतं कोन डोळे काढतंय. चष्मेवाला दिसला की बोलतं, ह्याला सोताला दिसत नाय, देवाला काय दिसनार?"

"पण तुम्ही काढता कसे मग?"

"मोठ्या मूर्तीला लांबून हात जातो. बारक्यांना..." त्या थांबल्या. "बारक्यांना हाताला सवय हाय." मग एकदम माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आन् तू मोठी शानी. माझ्या जावेने तुला वजन सांगितलं एकोनसाठ. तू तिला काय बोललीस? सिक्स्टी नाईन, काकू, वजन कमी करा. ती बिचारी पंधरा दिवस भात सोडून बसली."

मी खाली बघितलं. मूर्तीच्या पायाशी उंदीर होता, त्यालाही अजून डोळे नव्हते.

"असू दे," काकी म्हणाल्या, "बारीक झाली, बरी दिसते. मी तुझं सांगत नाय, तू माझं सांगू नको."

असा आमचा करार झाला. वर्गात मी वजनं तोंडी विचारायची सोडून काट्यावर बघून लिहू लागले, आणि काकींनी वाचताना नात मध्ये श्वास घेते तिथे श्वास घ्यायला सुरुवात केली. दोघींची प्रगती चालू होती.

मग पाहुणे येणार असं ठरलं. प्रकल्पाला मदत करणारे दोघं, हेड ऑफिसच्या मॅडम आणि कॅमेरा घेऊन एक मुलगी. मला आठ दिवस आधी व्हॉट्सॲपवर सूचना आल्या. महिलांनी नैसर्गिक वागावं. सगळ्यांनी स्वच्छ साड्या नेसाव्यात. मागे गणपती दिसावेत, पण धूळ दिसू नये. आणि 'आजी वाचते' त्या आजी नक्की हव्यात.

त्या दिवशी पाहुण्यांची गाडी फाटा चुकून थेट वडखळला पोचली, तिथे त्यांनी नाश्ता केला आणि मग उलट आली. तोवर चहाची वेळ टळून गेली होती, बायका स्वच्छ साड्यांत, हाताला रंग लागू न देता कामाकडे बघत बसल्या होत्या, आणि मला कळलं होतं की नात येणार नाही. तिचे गाल सुजले होते. आमच्या तक्त्यातलं एक अक्षर तरी एका मुलीने पुरतं आत्मसात केलं होतं.

मॅडमनी चटईवर मांडी घातली. पिशवीतून नवी कोरी पत्रकं काढली, 'मधुमेह आणि डोळे'. आमच्या छापील धड्यांतला हा शेवटचा, अजून मी उघडलेला नव्हता. कागद वाचवण्यासाठी सगळा मजकूर एका पानात बसवला होता, त्यामुळे अक्षरं मुंगीच्या पायाएवढी. चित्रातली बाई मात्र मोठी होती, गालावर हात ठेवून हसत होती.

"आजी, तुम्ही वाचून दाखवता?" मॅडम गोड आवाजात म्हणाल्या. कॅमेरावाली गुडघ्यावर आली.

काकींनी पत्रक घेतलं. हात लांब केला. आणखी लांब केला. त्यांचा हात संपला. मागे बसलेल्या सुनेने पदर तोंडात धरला होता. मला काय सुचलं कोण जाणे, मी माझा चष्मा काढून काकींच्या हातात दिला. माझा लांबचा नंबर. त्यांनी तो डोळ्यांसमोर धरला आणि लगेच खाली केला. "याच्यातून तर तू पन दिसंनाशी झालीस गो," त्या कुजबुजल्या.

पाहुणे वाट बघत होते. मालक दारात येऊन उभे राहिले होते. काकींनी एकदा दाराकडे बघितलं, एकदा आपल्या स्टुलाकडे, आणि मग माझ्याकडे. ती नजर मला कळली, पण उशीर झाला होता.

"आमच्यात पयलं म्याडम वाचतात," काकी मोठ्याने म्हणाल्या. "मग आमी. तशी शिस्त लावलीय त्यांनी."

पत्रक माझ्या हातात आलं.

ते वाचन मला आयुष्यभर पुरेल. मी दर ओळीला दोनदा अडखळले. 'दृष्टिपटला'पाशी गाडी रुळावरून घसरली. बायका श्वास रोखून ऐकत होत्या, कोणी हसलं नाही, आणि पहिल्या बाकावर बसणाऱ्या मुलीसारखी काकींची जाऊ मला मान हलवून पुढे ढकलत होती. मी अडले की ती हळूच अंदाजाने शब्द सुचवायची. तिला अजून बाराखडी येत नव्हती, तरी तिचे दोन शब्द बरोबर निघाले.

आणि त्या धडपडीत मी वाचत काय होते ते मलाच ऐकू आलं. 'जवळचे अक्षर धूसर दिसत असल्यास ते केवळ वयामुळे आहे असे समजू नये. साखरेची तपासणी करून घ्यावी. दुर्लक्ष केल्यास दृष्टी कायमची जाऊ शकते.'

मी थांबले. कोपऱ्यातला पॉलिश पेपरही थांबला होता.

"कायमची म्हंजे?" काकींनी विचारलं. पाहुण्यांना नाही, मला.

"म्हणजे परत येत नाही."

"वा!" मॅडम म्हणाल्या. "किती छान प्रश्न. लिहून घ्या कुणीतरी." मग त्या मला म्हणाल्या, "तुझी पद्धत मला आवडली. मुद्दाम चुकत वाचायचं, म्हणजे शिकणाऱ्यांना भीती वाटत नाही. हे आपण सगळ्या केंद्रांना सांगू." पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, कारण सगळे वाजवत होते.

गाडी गेल्यावर काकी स्टुलावर चढल्या नाहीत. त्याच्या पायाशी उभ्या राहून म्हणाल्या, "स्टूल जाईल म्हनून मी गप बसले. आता डोळेच जायचे असतील तर स्टुलावर बसून करू काय?"

"उद्या पेणला जाऊ. माझ्या ओळखीचे—"

"पेनला नको. पेनच्या बाजारात दर दुसरा मानूस कुठल्या ना कुठल्या कारखान्याचा. संध्याकाळपर्यंत मालकाला समजंल. रोह्याला जाऊ. रोह्यात माझं कोनी नाय."

रोहा गाडीला बसायला आम्हाला हमरापूर जवळ. पण हमरापूरलाही गावातली माणसं चढतात. म्हणून रोह्याकडे जाण्यासाठी आम्ही आधी उलट दिशेला, एक स्टेशन मागे जित्याला गेलो आणि तिथे गाडीत चढलो. डब्यात आम्ही दोघी, एक मासळीची रिकामी टोपली आणि तिची झोपलेली मालकीण. हमरापूर आलं तसा काकींनी पदर पार नाकाखाली ओढला. दारातून गावातलीच एक बाई चढली आणि सरळ समोर येऊन बसली.

"काकी, कुठं गो?"

"तू कशी वळखलीस?"

"एवढा पदर घेऊन कोन बसलंय ते बघाया आले. एरवी कोन बघतंय?"

काकींनी क्षणभर विचार केला. "रोह्याला. म्याडमच्या पोटात दुखतंय."

त्या बाईने माझ्याकडे करुणेने बघितलं. पेण येईपर्यंत तिने मला ओवा, हिंग, जायफळ आणि एका मांत्रिकाचा पत्ता दिला. मी, गावोगाव आरोग्यशिक्षण देणारी, सगळ्याला मान हलवत होते. पुढे महिनाभर जोह्यात माझ्या पोटाची चौकशी व्हायची. तक्त्यात प हे अक्षर मला वेगळं शिकवावं लागलं नाही.

रोह्याच्या बाजारातल्या चष्म्याच्या दुकानात एक तरुण होता. त्याने काकींना खुर्चीत बसवलं आणि मला विचारलं, "शिकलेल्या आहेत, की चित्रांचं कार्ड देऊ?"

"तिला काय इचारतोस?" काकी म्हणाल्या. "अक्षरांचं दे."

त्याने काच बदलली. मग आणखी एक. तिसऱ्या काचेला काकींची पाठ एकदम ताठ झाली. त्यांनी हातातलं कार्ड वरून खालपर्यंत वाचलं, सगळ्यात बारीक ओळ वाचली, खाली छापखान्याचं नाव होतं तेही वाचलं. मग टेबलावरची पावती वाचली, भिंतीवरचं कॅलेंडर वाचलं, माझ्या गळ्यातलं ओळखपत्र ओढून वाचलं. "फोटूत तुझे डोळे बारके आलेत," त्या म्हणाल्या. तरुणाला त्या आवरेनात. शेवटी त्यानेच विचारलं, "आई, साखर कधी तपासली होती?" आणि डोळ्याचा पडदा डॉक्टरांना दाखवून घ्या, असं दोनदा बजावलं.

चष्मा तयार होईपर्यंत आम्ही चहा प्यायला बसलो. काकींनी बिनसाखरेचा मागवला. एक घोट घेऊन म्हणाल्या, "डोळ्यांसाठी मानूस काय काय पितो." परतीच्या गाडीत त्यांनी चष्मा लावला आणि पहिल्यांदा स्वतःच्या हाताकडे बघितलं. नखांत, रेघांत, कातडीच्या घड्यांत रंग.

"हे हात घेऊन मी भाकऱ्या थापते?"

हात धुण्यावर आमचे चार धडे आणि एक गाणं होतं. त्यांतल्या कशानेही हे झालं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात सरकारी दवाखान्यात साखर निघालीच. गोळ्या सुरू झाल्या. पडद्याला अजून धक्का नाही, वेळेत आलात, असं डॉक्टर म्हणाले. पण कारखान्यात काकी चष्मा लावत नव्हत्या. तो कंबरेच्या बटव्यात असायचा. घरी गोळ्यांची पाकिटं वाचायला बाहेर, स्टुलावर बसताना आत. मी विचारलं की म्हणायच्या, "गनपती होऊ देत. मग बघू."

ते गणपतींपर्यंत थांबलं नाही. एका दुपारी चटईवर मी तेच पत्रक पुन्हा वाचायला घेतलं. मला आता 'दृष्टिपटल' येत होतं. काकींनी इकडेतिकडे बघितलं, मालक नव्हते. त्यांनी बटव्यातून चष्मा काढला. "दाखव गो ती बाई. कोनी काढलीय? एक डोळा पेनकडं, एक रोह्याकडं." बायका हसल्या. हसता हसता काकींनी मान वर केली. समोरच्या फळीवर, हाताच्या अंतरावर, लहान मूर्तींची रांग होती. आखणी झालेली. त्यांनीच केलेली.

त्या उठल्या. एक मूर्ती उचलली, चष्म्याजवळ आणली. ठेवली. दुसरी उचलली. तिसरी.

"वरची रेघ माझी हाय," त्या म्हणाल्या. "खालची नाय. हा माझा हात नाय."

मी सुनेकडे बघितलं, कारण मला त्या बोटांचा काळा रंग आठवला. सून सोनेरी रंगाची वाटी हातात घेऊन उभी होती.

"कधीपासून?"

"दिवाळीपासून, आई."

"बोलली नायस ती?"

"काय बोलनार? तुमी तरी बोललात?"

"रोज?"

"बारक्या फक्त. ब्रश धुवाया थांबायची ना. मोठ्या तुमच्याच हायेत." मग जरा थांबून, खाली बघत, "पोरगी पुस्तकात सांगायची, मी इथं. आमचं ठरलं होतं तसं."

काकींनी मूर्ती जागेवर ठेवली. मला वाटलं त्या रडतील किंवा सुनेला ओरडतील. त्यांनी आणखी एक मूर्ती उचलली आणि खिडकीच्या उजेडात धरली.

"खालची कोर जाड करतेस तू. डोळे वटारल्यावानी दिसतात. ये इकडं, दाखवते."

त्या स्टुलावर चढल्या, चष्म्यासकट, आणि सगळ्यात बारीक ब्रश हातात घेतला. सून शेजारी उभी राहिली. चटईवर धडा थांबला होता, पण कोणी उठलं नाही.

तेवढ्यात मालक आले. दारातच थबकले. "काय काकी? नाकावर काच?"

"व्हय." ब्रश हलला नाही. रेघ पुरी झाल्यावरच त्यांनी मान वळवली. "दिवाळीपासून तुमच्या बारक्या मूर्त्या माझ्या सुनेने निस्तरल्यात. एक तरी परत आली का?"

"नाय."

"मग तुमालाबी दिसत नाय. आता मला दिसतंय. मला घासायला बसवायचं तर बसवा, पन स्टूल हिला द्या. दुसऱ्याला दिलात तर दोघी चाललो शेजारच्या कारखान्यात."

मालकांनी फळीवरच्या मूर्तींकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं, आमच्या सगळ्यांकडे बघितलं. कोपऱ्यातले आजोबा चष्म्यावरची भुकटी पुसत होते. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मी त्यांना चष्मा पुसताना बघितलं.

"तो मोठा आज पुरा झाला पायजे," मालक म्हणाले आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा खिडकीपाशी दोन स्टूल होते. दुसरा जरा लंगडा होता, त्याच्या पायाखाली आमचं पत्रक चौघडी करून घातलं होतं. हसरी बाई वरच्या बाजूला होती, आणि कोणीतरी काळ्या रंगाने तिचे डोळे नीट केले होते.

माझ्याकडून महिन्याचा अहवाल गेला. काकींच्या नावापुढे स्तर शून्यावरून एकदम शेवटचा लिहिला. हेड ऑफिसहून लगेच फोन आला, एवढ्या झपाट्याने बदल कुठल्या धड्याने झाला, आणि शिकवायला किती तास लागले? मी खरं सांगितलं. "जित्याहून रोहा. जाऊन-येऊन." मॅडम म्हणाल्या की हे फॉर्ममध्ये बसत नाही, तू 'सहभागी पद्धत' असं लिही.

मी लिहिलं. मराठीतून, एकही चूक न करता, कारण नातीच्या गालांची सूज उतरली होती आणि ती शेजारी बसून ओठ हलवत होती. तासांचा आकडा अक्षरात लिहायचा होता, तिथे मी थांबले, तर ती दोन्ही स्टुलांपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आजी, म्याडमला एकोनसाठ परत नाय येत."

"शिकव मंग," खिडकीतून आवाज आला. "मला कामं हायेत."